टेलीफोटो लेन्सने तेजोमेघ टिपताना या चुका टाळा

मृग नक्षत्रातला (ओरायनमधला) तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, फोटोत पुसट आला की आपण आधी लेन्सला नावं ठेवतो. मीही ठेवली होती. यावलजवळ मित्राच्या केळीच्या बागेशेजारी, २०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेले शंभर फोटो पाहून तो म्हणाला, "भो, हे तारे आहेत की भजी?"

दोष फोकसचा होता. रिंग अनंताच्या खुणेवर लावून मी निश्चिंत झालो होतो. पण बहुतेक ऑटोफोकस लेन्सची रिंग त्या खुणेच्याही पुढे फिरते. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) व्याध हा ठळक तारा दहापट मोठा करा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा दिसेपर्यंत रिंग केसभर मागेपुढे हलवा. मग चिकटपट्टी लावा. आपल्याकडे दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी यांत फार फरक, लेन्स गार होताना फोकस सरकतो. तासाभराने पुन्हा तपासा.

दुसरी चूक लांबट ताऱ्यांची. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं यासाठीचा '५०० भागिले फोकल लांबी' हा नियम क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, त्यामुळे लांबी दीडपट धरायची) इथे सुमारे दीड सेकंद देतो. पण आकाश सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं, आणि मृग खगोलीय विषुववृत्तावरच असल्याने त्याला हा पूर्ण वेग लागू. ४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर एका सेकंदात तारा साडेतीन पिक्सेल पळतो! ट्रॅकर (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसेल तर अर्धा ते एक सेकंद, आयएसओ १६००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आणि फोटो तीनशे. डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये ते एकत्र करा. फोटो चौपट झाले की नॉइज (फोटोतले दाणे) निम्मा होतो. दर पन्नास फोटोंनी मृग पुन्हा मध्यावर आणा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंदच.

बागायती पट्ट्यात दव लवकर धरतं. काच पुसत बसू नका, हूड लावा. मी तर लेन्सला जुना मोजा घालतो, आत गरम पॅक. दिसायला हास्यास्पद, पण चालतं.

मृगातलाच अश्वमुख (हॉर्सहेड) तेजोमेघ उमटत नसेल तर ती तुमची चूक नाही. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश साध्या कॅमेऱ्याचा फिल्टर बराचसा अडवतो.

आणि घाई नको. डिसेंबरच्या मध्यात मृगाचा तेजोमेघ रात्री आठला जेमतेम वीस अंशांवर, धुरकट क्षितिजाजवळ असतो. साडेबाराच्या सुमारास तो त्रेसष्ट अंशांवर येतो. तोवर चहा घ्या, फोकस बघा.