घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापू नये म्हणून
मे महिन्यात ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असतात, तेव्हा टेम्परेचरचा काटा वर जायला लागला की भल्याभल्यांची तंतरते. मुळात सिस्टम साधी आहे, वॉटर पंप कूलंट (इंजिन थंड ठेवणारं लिक्विड) इंजिनात फिरवतो, इंजिन साधारण ८५-९० डिग्रीला आलं की थर्मोस्टॅट (तापमानावर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडतो आणि गरम कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन हवेने थंड होतो. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो पण ट्रॅफिकमध्ये सगळा भार फॅनवर, म्हणून एरवी मस्त चालणारी गाडी नेमकी जॅममध्येच तापली तर आधी फॅन फिरतोय का बघा, त्याचा फ्यूज आणि रिले (फॅनला करंट देणारा स्विच) पण चेक करा.

काटा चढला की एसी बंद, हीटर फुल (घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर निघते), तरी उतरला नाही तर सरळ बाजूला घेऊन इंजिन बंद करा. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही!! आत प्रेशर असतं, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

मेंटेनन्स म्हणाल तर महिन्यातून एकदा सकाळी थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीतली लेव्हल मिन-मॅक्सच्या मधे आहे ना बघायची. नळाचं पाणी टाकू नका, आत क्षार आणि गंज धरतो. कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला) असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं, रेडीमिक्स असेल तर तसाच ओतायचा. लेव्हल सारखी उतरत असेल तर नुसतं टॉपअप करत बसू नका, होजपाईप, क्लॅम्प, पंप बघून घ्या.