वेग-अंतराच्या शाब्दिक उदाहरणांतून वर्गसमीकरण कसे मांडावे

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरण सोडवण्याच्या पद्धती बहुतेक विद्यार्थ्यांना लवकर साधतात. अडते ते समीकरण मांडताना, आणि त्यातही वेग-अंतराच्या उदाहरणांत अधिक. या उदाहरणांत दिलेले असते अंतर, विचारलेला असतो वेग, पण समीकरण मात्र तयार होते ते वेळेचे. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. त्यामुळे अज्ञात वेग छेदात जातो, आणि निरनिराळ्या छेदांचे दोन अपूर्णांक एकत्र करताना त्या छेदांचा गुणाकार करावा लागत असल्याने चलाचा वर्ग येतो. म्हणून उदाहरण वाचताना वेळेविषयीचे विधान कोणते आहे, हे सर्वांत आधी शोधून त्याखाली रेघ मारावी.

कोल्हापूर ते पुणे हे अंतर हिशेबाच्या सोयीसाठी २४० किमी धरू. एक मोटार हे अंतर एकसमान वेगाने कापते. तिचा वेग ताशी २० किमीने जास्त असता, तर ती १ तास आधी पोहोचली असती. तर तिचा वेग किती?

मूळ वेग ताशी क्ष किमी मानू. मूळ वेगाने लागणारा वेळ २४०/क्ष तास आणि वाढवलेल्या वेगाने लागणारा वेळ २४०/(क्ष + २०) तास. यापुढची पायरी सर्वांत जपून टाकावी, कारण कशातून काय वजा करायचे यातच चिन्हाची चूक होते. वेग कमी असेल तेव्हा वेळ जास्त लागतो. म्हणून ज्याचा छेद लहान तो अपूर्णांक मोठा, आणि तोच आधी लिहायचा.

२४०/क्ष − २४०/(क्ष + २०) = १

दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + २०) ने गुणल्यास २४० × २० = क्ष² + २०क्ष, म्हणजेच क्ष² + २०क्ष − ४८०० = ० हे समीकरण मिळते. ज्यांच्यात २० चा फरक आहे असे ४८०० चे अवयव ८० आणि ६०; म्हणून (क्ष + ८०)(क्ष − ६०) = ०. अवयव चटकन सुचले नाहीत, तर त्यात वेळ न दवडता सूत्र वापरावे.

क्ष = ६० हे उत्तर पडताळून पाहू. ताशी ६० किमी वेगाने ४ तास आणि ताशी ८० किमी वेगाने ३ तास लागतात. फरक १ तासाचा, म्हणजे उत्तर बरोबर आहे. दुसरे मूळ −८०. वेग ऋण नसतो म्हणून ते सोडून द्यायचे, पण सोडण्यापूर्वी त्याच्याकडे जरूर पाहावे. वाढवलेला वेग ८० होता आणि तीच संख्या ऋण चिन्हासह दुसरे मूळ म्हणून आली आहे. हा योगायोग नाही. या प्रकारच्या समीकरणात मुळांची बेरीज −२० म्हणजे वेगांतील फरकाइतकी, पण ऋण असते, त्यामुळे असे घडणारच. आकडेमोड तपासण्याची ही एक चांगली खूण आहे.

वेळ मिनिटांत दिला असेल, तर तासांत रूपांतर करायला विसरू नये. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाचे अंतर ४८ किमी धरू, आणि गाडीचा वेग ताशी १६ किमीने वाढवल्यास ३० मिनिटे वाचतात असे मानू. उजव्या बाजूला १/२ लिहिल्यास क्ष² + १६क्ष − १५३६ = ० मिळते आणि वेग ताशी ३२ किमी येतो. तेथे ३० लिहिले, तर गाडीचा वेग ताशी दीड किमीहूनही कमी निघतो. पायी चालणारा माणूसही याहून जलद जातो. उत्तर व्यवहारात बसते का, हे पाहिले की अशी चूक लगेच सापडते.

नदीच्या उदाहरणांत थोडा अधिक विचार करावा लागतो. पंचगंगेच्या प्रवाहाचा वेग ताशी ४ किमी आहे असे समजू. एक नाव प्रवाहाविरुद्ध ३ किमी आणि प्रवाहाच्या दिशेने २१ किमी जाते, आणि या दोन्हींना मिळून २ तास लागतात. संथ पाण्यातील नावेचा वेग ताशी क्ष किमी मानल्यास प्रवाहाविरुद्धचा वेग क्ष − ४ आणि प्रवाहाच्या दिशेने क्ष + ४ होतो. येथे एकूण वेळ दिला असल्याने वजाबाकी न करता बेरीज करायची.

३/(क्ष − ४) + २१/(क्ष + ४) = २

छेद घालवून सोपे रूप दिल्यास क्ष² − १२क्ष + २० = ० मिळते, आणि मुळे १० व २ येतात. दोन्ही धन आहेत. ऋण मूळ तेवढे सोडायचे असा नियम ज्यांनी पाठ केला आहे, ते येथे थांबतात. परंतु संथ पाण्यात ताशी २ किमी जाणारी नाव ताशी ४ किमीच्या प्रवाहाविरुद्ध पुढे जाऊच शकत नाही. क्ष − ४ ची किंमत −२ येते. म्हणून नावेचा वेग ताशी १० किमी. पडताळा : ३/६ म्हणजे अर्धा तास, २१/१४ म्हणजे दीड तास.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात असेच एक उदाहरण दिले आहे. माकडांच्या कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आणि एकच दिसत राहिले, तर एकूण माकडे किती? उत्तरे ५० आणि ५ येतात. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा करता −२. म्हणून ५ हे मूळ धन असूनही त्यांनी ते अग्राह्य ठरवले. मूळ स्वीकारायचे की नाही, हे केवळ त्याच्या चिन्हावरून ठरत नाही. उदाहरणातील प्रत्येक राशीत ते ठेवून पाहावे लागते. उत्तरपत्रिकेतही मूळ का सोडले, याचे कारण एका वाक्यात लिहावे.

सरावासाठी एक उदाहरण देतो. कोल्हापूर ते पन्हाळा हे अंतर २० किमी धरा. एक सायकलस्वार परत येताना चढावरच्या वेगापेक्षा ताशी १० किमी जास्त वेगाने उतरतो आणि त्याला १ तास कमी लागतो. चढतानाचा वेग ताशी १० किमी आला पाहिजे, आणि दुसरे मूळ किती येईल, हे समीकरण न सोडवता आधीच सांगता आले पाहिजे.