मदतनिधीच्या हिशेबाचा कायदा वाचताना आधी तक्ता शोधा

सरकारी मदतीचा खर्च लोकांसमोर मांडायला लावणाऱ्या कायद्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला, की मी प्रस्तावना वाचत बसत नाही. थेट अनुसूची, म्हणजे कायद्याच्या शेवटी जोडलेली यादी, उघडते आणि तक्ता शोधते. कोणते रकाने प्रसिद्ध करायचे हे तिथे लिहिलंय का? ‘विहित करण्यात येईल अशी माहिती’ एवढंच लिहिलं असेल, तर पहिली हरकत तिथेच नोंदवायची. रकाने नंतर नियमांत ठरणार असतील, तर कायद्याने आपल्याला काय दाखवायचं ठरवलंय हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

लेखापरीक्षणात माझी २६ वर्षं गेली. एका पुरानंतरच्या मदतीची यादी तपासायला आली होती. नाव, रक्कम, शेवटी बेरीज. बेरीज अचूक होती. पण तारीख नव्हती, मंजुरीचा क्रमांक नव्हता. एकाच नावाच्या दोन ओळी म्हणजे दोन हप्ते, की एकाच नावाची दोन माणसं, की दुबार वाटप, हे त्या कागदावरून कळत नव्हतं. हीच यादी फलकावरही लागलेली होती. म्हणजे माहिती जाहीर झाली होती, तरी उजेड काहीच पडला नव्हता.

म्हणून तक्त्यात मी आधी तीन रकमा वेगवेगळ्या आहेत का ते बघते: मंजूर, वर्ग केलेली आणि प्रत्यक्ष खात्यात जमा झालेली. ‘वितरित’ हा शब्द दिसला की तिथे थांबा. वरच्या कार्यालयाने खालच्या कार्यालयाला पैसे पाठवले, की वरच्याच्या दप्तरी ते वितरित होतात. कधीकधी पैसे ठरलेल्या कामी खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्रही त्याच टप्प्यावर निघतं, आणि ज्याचं घर पडलं त्याच्या पासबुकात अजून काहीच नसतं. कायद्यात ‘वितरित म्हणजे अंतिम प्राप्तकर्त्याच्या खात्यात जमा’ अशी व्याख्या हवीच. शिवाय मंजुरीचा क्रमांक पहिल्या आदेशापासून शेवटच्या ओळीपर्यंत तोच राहिला पाहिजे. तो तुटला की माग तुटला. ठेकेदारामार्फत काम झालं असेल, तर पोटठेकेदारही यादीत आला पाहिजे. अमेरिकेच्या २००६ च्या निधी-पारदर्शकता कायद्याने मूळ अनुदानाबरोबर पोटअनुदानंही एकाच, फुकट शोधता येणाऱ्या संकेतस्थळावर मांडायला सांगितलं, ते याचसाठी.

मग मुदत. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ मला फार मोलाचं वाटतं. अनुदान कार्यक्रमांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कुणी न मागता प्रसिद्ध करा, असं ते सांगतं. पण अद्ययावत करायचं वर्षातून एकदा. आपत्तीचा पैसा काही महिन्यांत खर्च होऊन जातो. वर्षाने यादी आली तर पंचनामा करणारा बदलून गेलेला असतो. अमेरिकेत २००९ च्या आर्थिक उभारीच्या कायद्याने पैसे घेणाऱ्यांना दर तिमाही संपल्यावर १० दिवसांत हिशेब द्यायला लावला. मात्र त्याच वर्षी तिथल्या माहितीत अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांच्या नावांवर रकमा दिसल्या. भरणाऱ्याने मतदारसंघाचा क्रमांक चुकीचा टाकला आणि यंत्रणेने तो तसाच घेतला. तेव्हा ‘नोंद स्वीकारण्यापूर्वी ठिकाणाचा संकेतांक पडताळावा’ हे वाक्यही मागून घ्या. दिसायला किरकोळ वाटतं, पण त्याच्यावाचून सगळी यादी संशयात येते.

कायदा कुणाला लागू, हे व्याख्यांच्या कलमात बघा. पीएम केअर्स हा निधी मार्च २०२० मध्ये सार्वजनिक धर्मादाय न्यास म्हणून स्थापन झाला आणि तो माहिती अधिकाराखालचं ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाही, अशी भूमिका पंतप्रधान कार्यालयाने घेतली. एका व्याख्येवर किती काही अवलंबून असतं ते यावरून समजतं. मसुद्यात ‘सरकारने स्थापलेले किंवा पदसिद्ध अधिकारी चालवत असलेले न्यास’ असे शब्द आहेत का? नसतील तर सुचवा.

सगळ्यात अवघड प्रश्न नावांचा. अमेरिकेत २०२० मध्ये महामारीतली धंद्यांची कर्जं जाहीर झाली, तेव्हा आधी फक्त दीड लाख डॉलर आणि त्यावरच्या कर्जदारांची नावं आली, तीही नेमक्या रकमेशिवाय. वृत्तसंस्था न्यायालयात गेल्या, आणि डिसेंबरमध्ये सगळी नावं, नेमक्या रकमा बाहेर आल्या. धंदे, संस्था, ठेकेदार यांच्याबाबत माझं मत पक्कं आहे: पूर्ण नाव, पूर्ण रक्कम. वैयक्तिक लाभार्थ्याचं वेगळं. त्याचं नाव, गाव, रक्कम, तारीख आणि मंजुरीचा क्रमांक पुरे. खाते क्रमांक, फोन, आजार, जात यांतलं काहीही फलकावर येता कामा नये. आपत्तीत सापडलेल्या बाईने मदतीच्या बदल्यात आपलं खासगीपण का द्यावं?

दंडाचं कलम चटकन बघा. रक्कम आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद, दोन्ही लिहिलेलं हवं.

यादी कुठे लागणार, यावर मात्र वेळ द्या. स्कॅन केलेली, आडवी पडलेली पानं चालणार नाहीत. छाननी करता येईल असा तक्ता हवा. आणि तेवढ्यावर थांबू नका. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवायांत हजेरीपट मोठ्याने वाचले, तेव्हा ‘मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो’ असं सांगणारी माणसं समोर उभी राहिली. संगणकावर ती चूक सापडली नसती. पुढे रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावकऱ्यांनीच करायची हिशेबतपासणी, आलं. मदतनिधीच्या कायद्यातही ‘यादीचे ग्रामसभेत किंवा प्रभागसभेत जाहीर वाचन’ असं पोटकलम मागा.

हरकत लिहिताना कागदाचे दोन भाग करा: डावीकडे मसुद्यातलं वाक्य कलमाच्या क्रमांकासह, उजवीकडे तुमचं सुधारलेलं वाक्य. माझं उजवीकडचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: ‘प्रत्येक रक्कम अंतिम प्राप्तकर्त्याच्या खात्यात जमा झाल्याच्या दिनांकापासून पंधरा दिवसांच्या आत, मूळ मंजुरी क्रमांकासह, अनुसूचीतील सर्व रकान्यांत प्रसिद्ध करण्यात येईल.’ खाली तारीख, सही. आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.