पासपोर्ट साइज फोटो: या चुका टाळा, आणि रात्री अकराला माझं शटर वाजवू नका

"काका, पासपोर्टसाठी फोटो काढायचेत. आठ कॉपी."

मी आधी विचारतो, पासपोर्ट कुणाचा? स्वतःचा असेल तर सांगतो, पैसे खिशात ठेव. पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो तिथल्या काउंटरवरच काढतात. चार वर्षांखालच्या मुलाचा तेवढा सोबत न्यावा लागतो, ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर, मागे पांढरं. तुम्ही फक्त पांढरा शर्ट घालून जाऊ नका. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा शर्ट म्हणजे नुसतं मुंडकं तरंगताना दिसतं.

एसटी स्टँडसमोर माझा स्टुडिओ आहे, त्यातच ऑनलाइन फॉर्म भरून देतो. रोज त्याच त्या चुका निस्तरून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

"साइज" म्हणजे कुठला साइज?

निम्मा गोंधळ या एका शब्दाचा आहे. कागदावरचा फोटो सेंटिमीटरमध्ये मोजतात, स्क्रीनवरचा पिक्सेलमध्ये, आणि फाइलचं वजन केबीत. तिन्हींना आपण साइजच म्हणतो. ३.५ बाय ४.५ चा फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. तीच फाइल ३० केबीची असू शकते किंवा ३०० केबीची. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेला फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतो, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. फॉर्मवर हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पण ते वाचायला कुणाला वेळ आहे? "काका, केबी कमी करा ना" एवढंच.

आणि केबी कमी करून करून काय होतं ते ऐका. एका मुलीचा फोटो मी सकाळी काढला आणि व्हॉट्सअॅपवर पाठवला. साधा फोटो म्हणून पाठवला, ही चूक माझीच. व्हॉट्सअॅपने तो दाबून हलका केला. तिने स्क्रीनशॉट घेऊन कापला, भावाला पाठवला, भावाने केबी कमी करायच्या अॅपमधून काढला. फाइल झाली ११ केबी. साइट म्हणते किमान २० पाहिजे. मग केबी वाढवायचं अॅप! रात्री पावणेअकराला दोघं शटर वाजवत होते, शेवटची तारीख होती. फाइल उघडली तर डोळे कुठे आणि भुवया कुठे, काही कळेना. गेलेला तपशील केबी वाढवून परत येत नाही. मूळ फाइल माझ्या कॉम्प्युटरवर होती म्हणून निभावलं. तिच्यावरून पुन्हा २०० बाय २३० काढला, क्वालिटी पूर्ण ठेवली, ३० च्या आसपास केबी भरले. दोन मिनिटांचं काम.

तेव्हापासून मी फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतो आणि मूळ फाइल वर्षभर ठेवतो. तुम्हीही मूळ फाइल स्वतःला मेल करून ठेवा.

ओढून ताणून बसवू नका

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो चौकोनी असतो, २ बाय २ इंच. ऑनलाइन फॉर्मला ६०० बाय ६०० ते १२०० बाय १२०० पिक्सेल, २४० केबीच्या आत. एक नातू आजीच्या फोटोचा प्रिंट काढायला आला. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आजी. फोटो बघितला तर चेहरा भाकरीसारखा पसरलेला. पठ्ठ्याने ३.५ बाय ४.५ चा फोटो दोन्ही बाजूंनी ओढून चौकोनी केला होता. म्हणजे चेहरा सव्वापटीहून जास्त रुंद! वर नाकावर चष्मा. २०१६ च्या नोव्हेंबरपासून त्या व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही.

"पण साइटने घेतला की," नातू म्हणाला.

साइटला चौकोन दिसला, केबी दिसले. आजी थोडीच दिसली! फॉर्म सबमिट झाला होता. झालेल्या फॉर्ममध्ये बदल करता येत नाही, नवा भरावा लागतो आणि त्याचा नंबरही नवा येतो. दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन आला. चष्म्याचे वळ जाईपर्यंत तिला पंधरा मिनिटं बसवलं. "एवढ्याशा फोटोला एवढा वेळ, बाळा?" असं ती तीनदा म्हणाली, पण बसली.

मुळात त्या फोटोतून चौकोन निघतच नव्हता. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसालाही ३.५ बाय ४.५ लागतो, पण त्यात हनुवटीपासून डोक्यापर्यंतचा भाग ३२ ते ३६ मिलिमीटर हवा. अमेरिकेला चेहरा फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के. घट्ट कापलेल्या फोटोला जागा आणायची कुठून? म्हणून मी कुणाचाही फोटो पोटापर्यंत काढतो, चारी बाजूंना मोकळी जागा सोडून. कापायचं नंतर, ज्याला जसं लागेल तसं. "जवळून घ्या ना काका" म्हणणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही.

बाकीच्या, पटकन

घरी प्रिंट काढताना "फिट टू पेज" बंद करा, १०० टक्के ठेवा. नंतर पट्टी लावून मोजा. ४ बाय ६ इंची कागदावर ३.५ बाय ४.५ चे आठ बसतात. नऊ बसवणाऱ्याने फोटो बारीक केलेत.

सेल्फी नको. हातभर अंतरावरून नाक मोठं येतं. चारपाच फुटांवरून दुसऱ्याला काढायला सांगा.

पीएनजी आणि जेपीजी हे फोटो फाइलचे दोन वेगळे प्रकार. पीएनजीचं नाव बदलून जेपीजी केल्याने ती जेपीजी होत नाही. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट "मोस्ट कम्पॅटिबल" करून ठेवावा, नाहीतर एचईआयसी नावाच्या, फॉर्मला न चालणाऱ्या प्रकारातली फाइल घेऊन फिराल.

"जरा गोरं करा" हे मी लग्नाच्या अल्बमला करतो, फॉर्मच्या फोटोला नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तोंड जुळवून बघतात.

आणि चिकटवा लिहिलं असेल तिथे डिंक वापरा. स्टेपलरची पिन लोक नेमकी कपाळात मारतात.