स्पीकर मागे, हेडफोन पुढे: आवाजाची अदलाबदल जुळवण्याआधीची तयारी

डेस्कटॉपला स्पीकर मागच्या बाजूला कायमचे लावलेले असतात आणि हेडफोन लागेल तेव्हा कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये घालायचे असतात. पिन घातली की स्पीकर बंद, काढली की पुन्हा चालू, एवढीच अपेक्षा असते. तसं होईना की बहुतेक जण थेट ड्रायव्हर (साउंड चिप आणि विंडोज यांना जोडणारं सॉफ्टवेअर) उडवून नव्याने टाकायला घेतात. त्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: आवाज बदलण्याचं काम तुमच्याकडे कोण करणार आहे, जॅक की विंडोज? दोन्ही रीती चांगल्या आहेत, पण एका वेळी एकच चालते. अर्ध्याहून जास्त घोळ हे न ठरवल्यामुळे होतात.

फरक असा. मदरबोर्डवर (पीसीच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) रिअलटेक कंपनीची साउंड चिप असेल (बहुतेक असेंबल केलेल्या पीसीत तीच असते) तर तिच्या ड्रायव्हरसोबत रिअलटेक ऑडिओ कन्सोल नावाचं ॲप येतं; जुन्या ड्रायव्हरमध्ये त्याच जागी एचडी ऑडिओ मॅनेजर असतो. त्यात 'डिव्हाइस ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये दोन पर्याय दिसतात. पहिल्यात पुढे हेडफोन लागले की मागचा आवाज म्यूट होतो. इथे विंडोजला एकच 'स्पीकर्स' दिसतो आणि अदलाबदल ड्रायव्हर स्वतः करतो. दुसऱ्यात पुढचा आणि मागचा जॅक ही दोन वेगळी उपकरणं होतात, दोन्हींवर एकाच वेळी वेगवेगळा आवाज वाजवता येतो आणि कुठे वाजवायचं ते विंडोजच्या यादीतून निवडावं लागतं. म्हणजे हेडफोन काढ-घाल करून काम भागवायचं असेल तर पहिला पर्याय; हेडफोनची पिन कायम लावून ठेवून क्लिकवर बदल हवा असेल तर दुसरा. दुसरा निवडून ठेवायचा आणि पिन घातल्यावर स्पीकर आपोआप बंद होतील म्हणून वाट पाहायची, हा सगळ्यात नेहमीचा गोंधळ. पर्याय बदलल्यावर एकदा रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू केलं तर ते पुरेसं नसतं, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि तीच परत उचलली जाते. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही.

आता हाताशी काय असावं ते. चालतात हे पक्कं माहीत असलेले दुसरे हेडफोन, साध्या तीन पट्ट्यांच्या पिनचे. स्पीकर तपासायला ३.५ मिमीचा जॅक असलेला मोबाइल, किंवा टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर. टॉर्च. अधिकच्या खुणेचा स्क्रूड्रायव्हर. मदरबोर्डच्या मॉडेलचं नाव, जे विंडोजच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या ओळीत मिळतं. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावरून उतरवून ठेवलेला ऑडिओ ड्रायव्हर. तो आधीच उतरवून ठेवलेला बरा. मागच्या जॅकांचा एक फोटोही काढून ठेवा. रंग पाठ असावेत: पोपटी हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा, फिकट निळा लाइन-इनचा, म्हणजे बाहेरून आवाज आत घेण्याचा. काळा, केशरी आणि राखाडी असतील तर ते ५.१ किंवा ७.१ साठी, म्हणजे अनेक स्पीकरच्या सराउंड संचासाठी, दोन स्पीकरच्या जोडीची पिन त्यांत गेली असेल तर काही गाण्यांत आवाज येईल, काहींत येणारच नाही, आणि दोष सेटिंगला दिला जाईल.

पहिली तपासणी पीसी बाजूला ठेवून. स्पीकरची पिन मोबाइलला लावा, त्यांचा पॉवर आणि आवाजाचं बटण बघा. हेडफोनही मोबाइलवर ऐका. दोन्ही ठणठणीत असतील तरच पुढे जा.

मग पिनकडे नीट बघा. मोबाइलसोबत येणाऱ्या इयरफोनच्या पिनवर तीन काळ्या किंवा पांढऱ्या रेघा असतात, म्हणजे धातूच्या चार पट्ट्या: डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक. पीसीच्या पुढच्या बाजूला बहुधा हेडफोन आणि माइक यांचे वेगळे जॅक असतात आणि ते तीन पट्ट्यांचे असतात. चार पट्ट्यांची पिन त्यात घातली की काही जॅकमध्ये ग्राउंडचा संपर्क नीट होत नाही. लक्षण ठरलेलं आहे: संगीत पोकळ, लांबून आल्यासारखं ऐकू येतं आणि गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. पिन मिलिमीटरभर बाहेर ओढली किंवा इयरफोनच्या वायरवरचं बटण दाबून धरलं की अचानक सगळं नीट ऐकू येतं. हे दिसलं तर सेटिंगमध्ये शोधत बसू नका. एका बाजूला चार पट्ट्यांचा जॅक आणि दुसऱ्या बाजूला हेडफोन व माइक अशा दोन पिना असलेली वाय आकाराची केबल घ्या. घेताना बघून घ्या, कारण तशीच दिसणारी दुसरी केबल दोन हेडफोन एकत्र लावण्यासाठी असते आणि तिचा इथे उपयोग नाही.

यानंतर विंडोज. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड. तिथून खाली 'मोर साउंड सेटिंग्ज' उघडलं की जुनी ओळखीची खिडकी येते. तिच्या प्लेबॅक टॅबवर रिकाम्या जागी राइट क्लिक करून बंद केलेली आणि न जोडलेली उपकरणं दाखवा हे दोन्ही पर्याय चालू करा. खरं चित्र आता दिसतं. पिन घाला आणि काढा. यादीत काय बदलतं ते डोळ्यांनी बघा. 'हेडफोन्स'ची ओळ राखाडीतून ठळक झाली तर जॅकला पिन कळते आहे आणि प्रश्न निवडीचा आहे. काहीच हललं नाही आणि तुमचा ड्रायव्हर दोन उपकरणांच्या रीतीवर आहे, तर पिन कळतच नाही, म्हणजे प्रश्न वायरचा, जॅकचा किंवा ड्रायव्हरचा. पुढचे दोन तास कुठे घालवायचे ते या एका निरीक्षणावर ठरतं, म्हणून ते दोन-तीनदा करा.

निवडीच्या बाजूला तीन जागा बघायच्या. एक, मॉनिटर. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून जोडलेला मॉनिटर हेही विंडोजच्या लेखी आवाजाचं उपकरण असतं, त्याला स्पीकर नसले तरी. मॉनिटर झोपून उठला की ते यादीतून जाऊन परत येतं आणि कधी कधी आवाज तिकडे वळतो. मॉनिटरचा आवाज लागतच नसेल तर त्या ओळीवर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. काढून टाकू नका, ग्राफिक्स ड्रायव्हरच्या अपडेटसोबत ती परत येईल. दोन, 'डिफॉल्ट डिव्हाइस' आणि 'डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस' या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गाणं स्पीकरवर आणि कॉल हेडफोनवर, हा प्रकार इथूनच होतो. काहींना तेच हवं असतं. नको असेल तर दोन्ही एकाच ओळीवर आणा. त्याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचा आवाज ८० टक्के कमी करणारा पर्याय तिथे आधीपासून निवडलेला असतो. कॉल येताच गाणं गायब होतं अशी तक्रार असेल तर 'डू नथिंग' निवडा.

तीन, ॲपची स्वतःची निवड, आणि इथे जास्त वेळ द्यायला हवा. विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून प्रत्येक ॲपचा आवाज वेगळ्या उपकरणावर पाठवता येतो. विंडोज ११ मध्ये हे व्हॉल्यूम मिक्सरमध्ये आहे. एकदा कधीतरी ब्राउझरला 'स्पीकर्स' नेमून दिले आणि विसरलात, की टास्कबारवरून कितीही वेळा हेडफोन निवडा, ब्राउझर स्पीकरवरच वाजत राहणार. बाकी सगळं बदलतं आणि एकच ॲप बदलत नाही, असं असेल तर आधी मिक्सर बघा. प्रत्येक ॲपसमोर 'डिफॉल्ट' असावं. खालचं रीसेटचं बटण सगळं एकदम जागेवर आणतं. झूम, टीम्ससारख्या ॲपच्या आत आणखी एक स्पीकरची निवड असते, ती वेगळी तपासा. काही जुने गेम तर सुरू होताना जे उपकरण मिळालं तेच धरून बसतात. आवाज बदलल्यावर ते बंद करून पुन्हा उघडावे लागतात.

ब्लूटूथ हेडफोन असतील तर एवढं लक्षात ठेवा: त्यांचा माइक चालू झाला की आवाज कॉलच्या दर्जावर उतरतो आणि गाणं मंद, मोनो होतं. माइक वेगळा वापरा, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

पिन कळतच नसेल तर कॅबिनेट उघडण्याआधी एक प्रयोग करा: तेच हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. मागे चालले आणि पुढे नाही, तर पुढच्या पॅनलची वायर संशयित. आता पीसी बंद, सप्लायचा मागचा स्विच बंद, वायर काढलेली, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरलेलं, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श.

मदरबोर्डच्या खालच्या कडेला, बहुधा डाव्या कोपऱ्यात, दोन ओळींत पाच-पाच अशी दहा जागांची हेडर, म्हणजे केबल बसवायच्या उभ्या पिनांची रांग, असते. आठवी पिन मुद्दाम नसते. असुसच्या बोर्डवर तिच्याजवळ 'एएएफपी' लिहिलेलं असतं, एमएसआयवर 'जेऑड १', गिगाबाइटवर 'एफ ऑडिओ'. पुढच्या पॅनलची केबल इथे बसते. जुन्या आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये या केबलच्या टोकाला दोन कनेक्टर असतात, एकावर 'एचडी ऑडिओ' आणि दुसऱ्यावर 'एसी ९७'. दोघांचंही आठवं भोक बुजवलेलं असतं, त्यामुळे दोन्ही तितक्याच सहज बसतात. खरी गोम इथे आहे. इंटेलच्या १९९७ च्या एसी ९७ पद्धतीत आवाज पुढच्या जॅकपर्यंत जाऊन तिथून मागे परत येत असे आणि पिन घातली की तो परतीचा रस्ता तुटत असे. स्पीकर बंद व्हायचे ते निव्वळ वायरच्या जोरावर. २००४ च्या एचडी ऑडिओत तसं नाही. तिथे सातव्या पिनेवरून एक संकेत पुढे जातो, जॅकमधला छोटा स्विच पिन घातल्यावर जुळतो आणि हेडफोनसाठी दहाव्या, माइकसाठी सहाव्या पिनेवरून संकेत परत येतो. चिपला तो मिळाला तरच पुढे काहीतरी लागलं हे तिला कळतं. एसी ९७ चा कनेक्टर बसवला तर सहा आणि दहा या जागांवर संकेताऐवजी परतीचा आवाज असतो. मग हेडफोनमध्ये आवाज येईलही, पण पिन ओळखली जाणार नाही, किंवा रिकाम्या जॅकलाही काहीतरी लागलं आहे असं दिसेल. नुसता कनेक्टर बदलून हा दोष जातो.

कॅबिनेटला एसी ९७ चाच एक कनेक्टर असेल तर रिअलटेकच्या ॲपमध्ये पुढच्या पॅनलची पिन ओळखणं बंद करण्याचा पर्याय आहे. तो लावला की पुढचा जॅक कायम चालू मानला जातो. आवाज मिळेल, आपोआप बदल मिळणार नाही; म्हणून त्यासोबत दोन उपकरणांची रीतच ठेवा.

वायर बरोबर असूनही पिन कधी कळते, कधी नाही, तर जॅकमधल्या स्विचची पट्टी मळलेली किंवा ढिली असते. कोकणात, मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत न वापरलेल्या जॅकचं हे हमखास होतं. पीसी बंद असताना पिन पंधरा-वीस वेळा घालून काढा. नाहीच जमलं तर पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुसटसं लावून पुन्हा तेच, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पीसी चालू करू नका.

ड्रायव्हर आता, शेवटी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ध्वनीच्या गटात 'रिअलटेक' ऐवजी नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' दिसत असेल तर मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर चालू आहे. आवाजासाठी तो पुरतो, पण वर सांगितलेले दोन पर्याय त्यात नाहीत. आधी रीस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे परतता येईल अशी विंडोजची नोंद) करा, मग उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका. आवाज पूर्ण गेला असेल तर त्याआधी सर्व्हिसेसमधून 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' रीस्टार्ट करून बघा. त्याच्यावर अवलंबून असलेली 'विंडोज ऑडिओ'ही त्यासोबत रीस्टार्ट होते.

लिनक्सवर टर्मिनलमधून अल्सामिक्सर हा आवाजाचा मिक्सर उघडा, एफ ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा आणि उजवीकडे सरकत 'ऑटो-म्यूट मोड' शोधा. तो 'एनेबल्ड' असेल तर पिन घातल्यावर स्पीकर बंद होतात, 'डिसेबल्ड' असेल तर दोन्ही वाजतात. पॅव्हूकंट्रोल या आवाज-नियंत्रणाच्या ॲपमध्ये 'आउटपुट डिव्हाइसेस'खाली पोर्टच्या नावापुढे पिन लागली आहे की नाही तेही दिसतं.

या सगळ्यात पडायचं नसेल तर दोन सोपे मार्ग आहेत. टेबलावरच्या बऱ्याच स्पीकरना पुढे हेडफोनचा जॅक असतो. त्यात पिन घातली की स्पीकर तिथल्या तिथे बंद होतात आणि पीसीला काही कळायची गरजच पडत नाही. आमच्या मते ज्यांना फक्त आवाज ऐकायचा आहे त्यांच्यासाठी हाच उत्तम उपाय. तो जॅक नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या: हेडफोन त्याला, स्पीकर मागे. दोन स्वतंत्र उपकरणं, आणि विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबलं की थेट निवडीची यादी.

जुळल्यावर चार चाचण्या घ्या. गाणं चालू असताना पिन घाला आणि काढा. पिन घातलेली ठेवून रीस्टार्ट करा. पीसी झोपवून उठवा, मॉनिटरही. मग एक चाचणी कॉल करून माइक आणि आवाज दोन्ही एकाच हेडफोनवर आहेत ना ते बघा. चारही जमल्यावर प्लेबॅक टॅबचा आणि रिअलटेकच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ड्रायव्हर बदलला गेला तर नेमकं काय हललं ते त्यावरून ताडून बघता येतं.