आरजे व्हायचंय? आधी लाइव्ह बोलायला शिका

रेडिओवरचा आरजे आपण ऐकतो तेव्हाच बोलत असतो, हा नवख्यांचा पहिला गैरसमज. चार तासांच्या शोमध्ये आरजेचं बोलणं जेमतेम 30-40 मिनिटांचं. बाकी गाणी, जाहिराती, जिंगल, म्हणजे स्टेशनच्या नावाची छोटी धून. ते बोलणं आदल्या दिवशी तासाभरात रेकॉर्ड करून ऑटोमेशनच्या लॉगमध्ये, म्हणजे कार्यक्रम आपोआप वाजवणाऱ्या संगणकाच्या यादीत, बसवता येतं. याला व्हॉइस-ट्रॅकिंग म्हणतात. 2011च्या एफएम धोरणाने कंपन्यांना आपल्या सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम चालवायची मुभा दिली, म्हणजे एका आवाजात चार शहरं भागतात. सिडनीत तर ‘थाय’ नावाची एआय निवेदिका सोमवार ते शुक्रवार रोज चार तास शो करायची. ती माणूस नाही हे 2025 मध्ये उघड झालं, तोवर कित्येक महिने उलटले होते. नुसत्या गोड आवाजाचं भांडवल आता पुरत नाही.

मग उरतं काय? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण वाहतूक, हवामान, सण-उत्सव, परीक्षा, आणि प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, आपत्तीच्या सूचना या बातम्यांत धरल्या जात नाहीत. लाइव्ह आरजेचं शेत हेच. आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेला ‘काय मस्त ऊन पडलंय’ हा लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, धो धो पावसात वाजला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आत कोणी नाही.

सराव असा करा. गाण्याचा शब्द सुरू होण्याआधीचं संगीत, म्हणजे इंट्रो, समजा 12 सेकंदांचा आहे. मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द नीट उच्चारता येतात, म्हणून लिंक 21-22 शब्दांतच लिहा. उदाहरणार्थ:

‘परशुराम घाटात धुकं उतरलंय. चिपळूणकडून खेडला निघालात तर दिवे लावा, मागच्याला घाई असेल तर पुढे जाऊ द्या. गाणं घाट उतरेपर्यंत पुरेल.’

हे 21 शब्द. शेवटचा शब्द संपून गायकाचा आवाज येईपर्यंत सेकंदभर जागा राहते. गायकावर बोललात तर शिकाऊपणा तिथेच उघडा पडतो.

दुसरं, वेळ उलटी मोजणं. ठीक 10 वाजता जाहिरातींचा ब्रेक आहे. शेवटचं गाणं 4 मिनिटं 12 सेकंदांचं, जिंगल 8 सेकंदांची. गाणं 9 वाजून 55 मिनिटं 40 सेकंदांनी सुटलंच पाहिजे. उशीर झाला तर गाणं तोडू नका, त्याआधीचा लिंक कापा.

माइक तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका. समोर धरलात तर प, फ, भ यांचे फटके बसतात. घरी रेकॉर्ड करताना पत्र्यावरचा पाऊस कुठलंही सॉफ्टवेअर नीट काढत नाही, त्यापेक्षा गाद्यांची खोली गाठावी. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची सर्वांत उंच पातळी उणे 6 ते उणे 3 डेसिबलच्या मध्ये ठेवा, फाइल वेव्ह (WAV) प्रकारची. पावसाळ्यात माइकवरच्या स्पंजला बुरशी धरते, तो धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय चढवू नये.

कोकणात राहत असाल तर खासगी नोकरीसाठी बहुधा मुंबई, पणजी किंवा कोल्हापूर गाठावं लागेल. त्याआधी आकाशवाणीच्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग केंद्रांवर नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या, उद्घोषकांच्या जागा निघतात का, यावर लक्ष ठेवा. तिथली शिस्त खासगीत फार उपयोगी पडते, जरी तिथला संथ सूर मागाहून सोडावा लागला तरी. डेमो, म्हणजे नोकरीसाठी पाठवायचा आवाजाचा नमुना, दोन मिनिटांचा, गाणी कापून. त्यात एक लिंक तरी त्याच दिवसाचा हवा.

आपत्तीचा सराव वेगळा करा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. अशा वेळी वीज आणि मोबाइल आधी जातात, सेलवरचा रेडिओ चालू राहतो. सूचना वाचताना ती कोणी दिली, किती वाजता दिली आणि कोणत्या गावांसाठी, हे तिन्ही आधी सांगा. मग मजकूर. आकडे दोनदा.