आगोटीत लाल विंचवापासून जपा

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, लगबग सुरू झाली की कोकणात उडवीतला पेंढा, गडग्याकडेचा लाकूडफाटा, गोवऱ्या असं सगळं पडवीत येतं. त्याबरोबर लाल विंचूही येतो. एरवी दिवसा तो जांभ्याच्या भेगेत, दगडाखाली नाहीतर झाडाच्या सालीखाली दडलेला असतो आणि रात्री झुरळं-किडे धरायला निघतो. पहिल्या सरींचं पाणी भेगांत शिरलं की त्याला कोरडी जागा हवी असते.

मोठी काळी इंगळी पाहून आपण दचकतो, पण तिच्या डंखाने बहुधा ठणक्यावरच निभावतं. जिवावर उठतो तो हा दोन-तीन इंचांचा लालसर विंचू. चिमटे बारीक आणि शेपटी जाड, एवढी खूण पुरे. मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवर पांढरट दाण्यांसारखी चिकटलेली असतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ते असं.

मोळी उचलण्याआधी काठीने हलवा, बांधाचा दगड कुदळीने उलटा, गमबूट झटकूनच पाय घाला. लाकडं भिंतीला टेकवून रचू नका. नोटा तपासायची जांभळी बॅटरी असेल तर रात्री पडवीत फिरवून बघा: विंचू हिरवट-निळा चमकतो. एकदा पाहिलंत की अनवाणी फिरणं आपोआप सुटेल.

डंख झालाच तर ठणका कमी आहे म्हणून निवांत राहू नका. विष अंगात भिनतं तेव्हा पुष्कळदा जागेवर फारसं दुखतच नाही. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार ही खरी धोक्याची लक्षणं. मूल असेल तर लक्षणांचीही वाट न पाहता दवाखाना गाठा. आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्र घालणं यात फक्त वेळ जातो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी 30 टक्क्यांच्या आसपास दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. आता जोडीला प्रतिविषही देतात. गोळी मात्र घरच्या घरी घेऊ नका, रक्तदाब एकदम उतरतो.

विंचू मारायला थांबू नका. त्याचा रंग आणि डंखाची वेळ तेवढी ध्यानात ठेवा, दवाखान्यात आधी तेच विचारतात.